ठासणीची बंदूक आणि तिचे सुटे भाग

वेरूळच्या लेण्यांतून सावकाश हिंडणाऱ्या चिकित्सक प्रेक्षकाला काही ठिकाणी असे स्तंभ आढळतात, की ज्यांच्या अंगावर ना पूर्णघट आहे, ना पर्णावली, ना कसलीही मूर्ती. साध्या चौकोनी बांधणीचे हे स्तंभ मूळ खडकातून कोरलेले नसून, शतकानुशतके झिरपलेल्या पाण्याने आणि माणसांच्या हयगयीने मूळ स्तंभ ढासळल्यावर, छताचा भार तोलावा एवढ्याच हेतूने ते मागाहून उभारलेले आहेत. हैदराबाद संस्थानाचे पुराणवस्तू खाते गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली १९१४ साली स्थापन झाले आणि या परिसराच्या दुरुस्तीला शिस्तीचे स्वरूप येऊ लागले. ते साधे स्तंभ पाहताना त्या शिस्तीमागचा विवेक मला नेहमी जाणवत आला आहे. नवे ते जुन्याचा भार निष्ठेने वाहते, परंतु आपण जुने आहोत असे भासवीत नाही. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुरक्षकांनी जी सनद तयार केली, तिच्या बाराव्या कलमात हेच तत्त्व नियमरूपाने आले : नष्ट झालेल्या भागाच्या जागी बसविलेला भाग संपूर्ण रचनेशी सुसंवादी असावा, तथापि मूळ भागाहून तो वेगळा ओळखता यावा.

या तत्त्वाची कसोटी आज मला एका अगदी निराळ्या वस्तूला लावून पाहावयाची आहे. ती वस्तू म्हणजे ठासणीची बंदूक. आणि तिच्यासंबंधीचा प्रश्न असा, की तिचा झिजलेला किंवा मोडलेला एखादा लहानसा भाग तिच्या कायदेशीर मालकाने कोठून आणावा, तो नेमका बसतो की नाही हे कोणी ठरवावे, आणि ज्या कारागिराने तो घडविला त्याला सरकारने गुन्हेगार मानावे की उपकारक. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु डोळा जाणे, हात जाणे, क्वचित प्राण जाणे हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते, म्हणून वृत्तपत्राच्या स्तंभात त्याला जागा मागण्यात मला संकोच वाटत नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, परवाना केव्हा द्यावा याचा तपशील सांगताना, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी हवी असलेली ठासणीची बंदूक स्पष्ट शब्दांत नमूद केलेली आहे. रिव्हॉल्व्हर किंवा रायफल मागणाऱ्याने आपली निकड पटवून द्यावयाची असते. परंतु शेत राखण्यासाठी नळीच्या तोंडातून दारू ठासून भरण्याची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याकडे संसदेने सहानुभूतीने पाहिले आहे. ही सहानुभूती अकारण नाही. खुलताबाद आणि कन्नड या तालुक्यांच्या डोंगरकडेच्या शिवारांत, म्हैसमाळपासून गौताळ्याच्या जंगलापर्यंत, मका तुऱ्यावर आला की रानडुकरांचे कळप आणि रोह्यांच्या झुंडी एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून टाकतात. आणि कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग व रत्नागिरी या जिल्ह्यांत, भात व बागायत राखण्यासाठी दिलेले बंदुकीचे परवाने ही पिढ्यानपिढ्यांची वहिवाट आहे. प्राणी मारण्याची मुभा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमाखाली, अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेनेच, मिळते. ती सोडली तर या बंदुकीचे बहुतेक काम नुसता बार काढून कळप पळवून लावणे एवढेच असते.

आता ज्या भागावर सगळे अवलंबून असते त्याकडे वळू. ठासणीच्या बंदुकीत, ती तोड्याची वा चकमकीची नसून केपाची असेल तर, नळीच्या मागल्या अंगाला एक पोकळ, आटे पाडलेला, बोराच्या बीपेक्षाही लहान असा पोलादी तुकडा बसविलेला असतो; दुकानदार त्याला निपल म्हणतात. त्याच्या टोकावर तांब्याची केप बसते, चाप ओढला की घोडा तिच्यावर आदळतो, आणि केपेतून उडालेली ठिणगी निपलच्या सूक्ष्म छिद्रातून आत जाऊन दारू पेटविते. प्रत्येक बारासरशी त्या छिद्रातून तप्त वायू उलट दिशेनेही धाव घेतो. काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा शोषून घेते आणि पोलाद खाते. त्यामुळे बंदूक गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवण्यात एका रात्रीची चालढकल झाली तरी निपलच्या आट्यांत गंज शिरतो. सारांश, नळी तीन पिढ्या टिकते, दस्ता तीन पिढ्या टिकतो, पण निपल मात्र झिजण्यासाठीच जन्मलेला असतो. छिद्र रुंदावले म्हणजे स्फोटाचा जोर घोड्याला मागे उडवितो. आटे सैल झाले म्हणजे निपल स्वतःच गोळीसारखा निघून बंदूक धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. बंदूक खांद्याला लावलेल्या माणसाचा डोळा त्या तुकड्यापासून वीतभर अंतरावर असतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे 'चालते तोवर चालवू' या वृत्तीतील भीषणता समजेल.

असा निपल बदलावयाचा म्हटले तर तो तंतोतंत त्याच आट्यांचा मिळावयास हवा, आणि अडचणीचे खरे मूळ येथे आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण असावे असे प्रतिपादन केले ते १८४१ साली. तोपर्यंत, आणि पुष्कळ कारखान्यांत त्यानंतरही, प्रत्येक कारागीर आपल्या घरच्या साच्याने आटे पाडीत असे. जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या निपलांची मापे म्हणून कोणत्याही एका कोष्टकात बसत नाहीत. हाताने कानशीने घडविलेल्या बंदुकीचे कुटुंब नसते. ती एकटीच जन्मते. मापात उन्नीस-बीस असलेला दुसरा निपल पान्याने जबरदस्तीने पिळून बसविला तर पहिले काही बार निघतात, आणि तेवढ्यात नळीच्या अंगातील मूळ आटे कायमचे नष्ट होतात.

अदलाबदल होऊ शकतील अशा सुट्या भागांचे स्वप्न मनुष्यजातीने मुख्यतः बंदुकीच्याच निमित्ताने पाहिले, ही इतिहासातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. फ्रान्सात ओनोरे ब्लाँ या कारागिराने एकसारख्या भागांतून बंदुकीच्या कळी जुळवून दाखविल्या आणि १७८५ साली, त्या वेळी पॅरिस येथे अमेरिकेचा वकील असलेल्या टॉमस जेफरसनने ते प्रात्यक्षिक पाहून आपल्या देशाला कळविले. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८५१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत यंत्राने रिव्हॉल्व्हर घडविण्यावर निबंध वाचला, आणि थेम्सच्या काठी पिम्लिको येथे त्याचा कारखाना १८५३ ते १८५६ पर्यंत चालला. यंत्रयुगाचा तो मोठा जयघोष होता. तथापि त्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांपैकी एखादे आज हाती घेऊन पाहिले तर चौकट, चापाची कड, मुठीची पट्टी, फिरते चक्र, इतकेच नव्हे तर नळी अडकविणारी छोटी पाचर, या सर्वांवर तोच एक क्रमांक ठोकलेला आढळतो. भाग यंत्रावर घडत, परंतु शेवटची जुळणी कारागीर कानशीनेच करी. आणि एकदा जुळलेला भाग चुकून दुसऱ्या रिव्हॉल्व्हरात जाऊ नये म्हणून तो क्रमांक. प्रत्येक रिव्हॉल्व्हराचे भाग त्याचे त्यालाच, हे त्या काळच्या सर्वांत अद्ययावत कारखान्यानेही असे मुकाट्याने मान्य केले होते.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा, इटलीतील ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या खोऱ्यात जुन्या कोल्टच्या व रेमिंग्टनच्या काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती घडू लागल्या. उबेर्ती आणि पिएत्ता ही त्या व्यवसायातील दोन नावे आज जगभर ठाऊक आहेत. इटलीच्या सरकारी चाचणीगृहात प्रत्येक प्रतिकृतीची परीक्षा होते आणि ती केवळ काळ्या दारूसाठी आहे हे दर्शविणारी मुद्रा तिच्यावर उमटविली जाते. एवढी व्यवस्था असूनही या हत्यारांच्या हौशी मालकांची चिरंतन तक्रार सुट्या भागांची आहे. कोल्टच्या एकाच १८५१ च्या नमुन्याची नक्कल दोघांनी केली, परंतु एकाचे फिरते चक्र दुसऱ्याच्या चौकटीत नीट बसत नाही, चक्र फिरविणारे बोट आणि त्याला जागेवर धरणारी खुंटी घासून जुळवावी लागते, आणि त्याच एका कारखान्याच्या जुन्या व नव्या उत्पादनांतही अंतर पडते. निपलाचे आटे इटालियन प्रतिकृतींत मेट्रिक मापाचे, सहा मिलिमीटर व्यासाचे असतात. मूळ अमेरिकन हत्यारांत ते इंचाच्या हिशेबाचे. नक्कल बाह्य रूपाची झाली, मापांची नाही. केप सैल बसली किंवा चक्राची जुळणी बिघडली, तर चक्रातील एका कोठीचा जाळ शेजारच्या कोठीतील दारूला भिडून दोन-तीन बार एकदम उडण्याचा प्रसंग येतो. म्हणून तेथील जाणते लोक एक शतांश मिलिमीटरचा विचार करतात आणि नव्या भागाची माहिती वहीत टिपून ठेवतात. या रिव्हॉल्व्हरांच्या आपल्याकडील प्रसाराची चर्चा करण्याचे कारण नाही. बार उडविता येईल अशी प्रतिकृती ही आपल्या कायद्यात बंदूकच असते, तिला परवाना लागतो, आणि सामान्य नागरिकाला परदेशातून हत्यार आणण्याचा मार्ग १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. परंतु त्यांच्या अनुभवातून निघणारा बोध आपल्या शेतकऱ्याच्या बंदुकीला जसाच्या तसा लागू पडतो : केवळ नाव व नमुना सांगून भाग मागविता येत नाही, मोजमाप करावेच लागते.

वेरूळपासून दौलताबाद काही मैलांवर आहे. तेथे मेंढ्याच्या मस्तकाची ती विख्यात तोफ, जिला 'किल्लेशिकन' असेही म्हणतात, औरंगजेबाच्या नावाचा लेख अंगावर वागवीत आजही आपल्या बुरुजावर अभंग पडून आहे. तिच्यापुढे उभे राहिले असता एक विचार हटकून मनात येतो. तोफेला चाप नाही, घोडा नाही, कमान नाही, निपल नाही. तिला सुटा भागच जवळजवळ नसतो, आणि म्हणूनच ती टिकली. सिलेखान्यातील हातबंदुका मात्र त्यांच्या कळीसकट नाहीशा झाल्या. भोकरदनजवळच्या असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या ज्या तोफा ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या हाती पडल्या, त्यांच्या ओतकामाची त्याने मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. शिंद्यांचा आग्र्याचा कारखाना सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफांबरोबर बंदुकाही घडवीत असे. धातू ओतण्यात आपला मुलूख कोणाला हार जाणारा नव्हता. उणीव राहिली ती मापे लिहून ठेवण्याच्या सवयीची, आणि ती उणीव आजही आपण भरून काढलेली नाही.

आता कायद्यातील ज्या विसंगतीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे ती सांगतो. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्र या शब्दात शस्त्राचे भागही येतात. पंचेचाळिसाव्या कलमाने काही गोष्टी कायद्याच्या कक्षेतून वगळल्या आहेत. त्यांत एक आहे ती दुरुस्ती करूनही बार उडणार नाही अशी कालबाह्य किंवा पुराणवस्तूच्या मोलाची हत्यारे. आणि दुसरी, पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही असे किरकोळ सुटे भाग. अर्थ असा, की जुना निपल शोभेची वस्तू म्हणून मेजावर ठेवणाऱ्याला कायदा मोकळीक देतो. परंतु ज्याला तो आपल्या परवान्याच्या बंदुकीत सुरक्षितपणे बसवावयाचा आहे, त्याला ती मोकळीक मिळत नाही. दुरुस्तीलाही पाचव्या कलमाप्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. असे परवानाधारक दुरुस्तीकार बहुधा मोठ्या शहरांत, बंदुकांच्या मोजक्या दुकानांत असतात, आणि तेथे आधुनिक काडतुशी बंदुकांचे काम चालते. ठासणीच्या बंदुकीचा आटा मोजण्याची उसंत वा हौस तेथे क्वचितच असते. राहता राहिला गावातील लेथवाला किंवा लोहार. त्याने निपल काढून दिला, तर २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पंचविसाव्या कलमाखाली विनापरवाना शस्त्रनिर्मितीला व दुरुस्तीला किमान सात वर्षांची आणि प्रसंगी जन्मठेपेची जी शिक्षा आहे, तिची छाया त्याच्यावर पडते. संसदेने शेतकऱ्याला बंदूक दिली. त्या बंदुकीच्या सर्वांत लवकर झिजणाऱ्या अवयवाची तजवीज मात्र कोणीच केली नाही.

पोलीस खात्याच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. गावठी कट्टे, चोरट्या शिकारी, रानडुकरासाठी लावलेल्या सापळ्याच्या बंदुका यांनी दरवर्षी माणसे मरतात. अशा स्थितीत सुट्या भागांचा मार्ग सोपा केला तर चोरट्या कारखान्यांना सामानच पुरविल्यासारखे होईल, असे ते म्हणतील. मी या भीतीला हलके लेखीत नाही. परंतु कट्टा बनविणाऱ्याला आटे मोजून घेतलेल्या, क्रमांक ठोकलेल्या, दप्तरात नोंद असलेल्या निपलाची गरज नसते. त्याला जे हवे ते तो आजही करतोच. बंदी फक्त त्या माणसाला अडविते, जो दर नूतनीकरणाला आपली बंदूक घेऊन ठाण्यात हजर होतो आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती निमूटपणे जमा करतो. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : झिजलेल्या निपलाने बार काढीत राहणे, किंवा रात्री चोरून लोहाराकडे जाणे. राज्याने आपल्या सर्वांत आज्ञाधारक परवानाधारकाला या दोन वाटांच्या तोंडाशी आणून उभे करावे, हे मला अन्यायाचे वाटते.

उपाय खर्चाचा नाही. निवडणुकीच्या वेळी जिल्ह्यातील परवान्याच्या बंदुका मोठ्या प्रमाणावर ठाण्यांत गोळा होतात आणि आठवडेच्या आठवडे तेथे पडून असतात. त्या काळात प्रत्येक ठासणीच्या बंदुकीचे मोजमाप एका जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे : नळीचा व्यास, निपलाच्या आट्यांचा व्यास व अंतर, घोड्याच्या मुख्य कमानीची लांबी-रुंदी, नळीच्या बुडाची स्थिती. ही नोंद परवान्याच्या दप्तरात कायमची जोडावी, आणि तिची प्रत मालकाला द्यावी. ज्या बंदुकीची नळी फुटावयास आली आहे ती या निमित्ताने उघडकीस येईल, आणि ती बाद करण्याचा हुकूम देण्यात कोणालाच अनमान वाटणार नाही. दुसरे, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे, जेथे सूक्ष्म मापांची अवजारे व साचे घडतात आणि मराठवाड्यातील शेकडो मुले ते काम शिकतात. अशा संस्थेला रीतसर परवाना देऊन, निपल आणि कमान या दोनच भागांचे काम, केवळ नोंदवहीतील मापाबरहुकूम आणि केवळ जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी मागणीवरून, सोपवावे. नळी, बूड किंवा चापाची संपूर्ण कळ तेथे घडू नये; तेवढी मर्यादा पोलिसांच्या शंकेला पुरेशी आहे.

तिसरी सूचना मला सर्वांत प्रिय आहे. असा नवा भाग जेव्हा बसविला जाईल तेव्हा त्याच्यावर घडविणाऱ्याचे चिन्ह आणि वर्ष असावे, आणि जुना निपल निकामी करून, चिठ्ठी बांधून, बंदुकीबरोबर जपून ठेवावा. शेतकऱ्याच्या बंदुकीला याने सुरक्षितता येईल. आणि ज्या घराण्यांत किंवा संग्रहालयांत जुन्या ठासणीच्या बंदुका व रिव्हॉल्व्हर केवळ वारसा म्हणून आहेत, तेथे इतिहासाचा खरेपणा राहील. आपल्या संग्रहालयांतून हरवलेल्या घोड्याच्या जागी दुसऱ्याच बंदुकीचा घोडा, पितळी खिळ्याच्या जागी लोखंडी स्क्रू, असे प्रकार कोणतीही नोंद न ठेवता होत आले आहेत, आणि चाळीस वर्षांनी येणारा अभ्यासक त्यांनाच अस्सल समजून निष्कर्ष काढतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयापासून आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरातील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयापर्यंत जेथे जेथे जुनी हत्यारे आहेत, तेथे प्रत्येक बदललेल्या भागाची नोंद सूचिपत्रात व्हावी. आणि प्रदर्शनातील बंदुकीचा उणा घोडा भरून काढण्याऐवजी ती जागा रिकामी ठेवणेही पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते, हे संग्रहपालांनी लक्षात घ्यावे.

पुढील निवडणुकीत बंदुका पुन्हा ठाण्यांत येतील. त्यापूर्वी गृहखात्याने दोन-चार जिल्ह्यांपुरता, सिंधुदुर्ग आणि छत्रपती संभाजीनगर हे त्यांत असावेत, मोजमापाचा एक साधा नमुना-तक्ता छापून पोलीस अधीक्षकांकडे पाठविला, आणि प्रत्येक ठाण्याला एक आटेमापक व एक व्हर्नियर मोजपट्टी दिली, तर कामाला आरंभ करण्यासाठी आणखी कशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही.